मदत हवी आहे: रिअ‍ॅलिटी शोच्या थीममध्ये हलगी, आणि करारातलं एक कलम

नमस्कार मंडळी. सोलापुरात माझा छोटा स्टुडिओ आहे. मुंबईच्या एका निर्मिती संस्थेने मराठी डान्स रिअ‍ॅलिटी शोसाठी थीम मागितलीय: 30 सेकंदांचं टायटल, ब्रेकचे छोटे तुकडे आणि एलिमिनेशनच्या वेळी ताण धरून ठेवणारा लूप.

थीममध्ये मला हलगीच हवी आहे. सिद्धेश्वराच्या यात्रेत ती ऐकतच आम्ही मोठे झालो. कातडं शेकून चढवलं की बारीक छडीचा आवाज टीव्हीच्या लहान स्पीकरवरही खणखणीत येतो. अडचण अशी, की त्याखाली निवेदकाचे शब्द बुडतात. 2 ते 4 किलोहर्ट्झचा पट्टा कमी केला तर हलगीतला जीवच जातो. तुम्ही माइक कुठे लावता? निवेदनासाठी हलगीविना वेगळा स्टेम (मिक्समधल्या काही वाद्यांचा स्वतंत्र ट्रॅक) देता का?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. करारात एकरकमी मोबदला आणि ‘सर्व हक्क कायमचे निर्मात्याकडे’ असं आहे. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनुसार संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा असा सोडून देता येत नाही ना? मग हे कलम बदलून कसं मागायचं? आयपीआरएसचं (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व सहीआधी घ्यावं का? आणि क्यू शीटमध्ये (कार्यक्रमात कुठलं संगीत वाजलं, ते कुणाचं, याची यादी) आपलं नाव गेलंय हे तपासायचं कसं?

हलगीवाल्या मामांचं नावही श्रेयनामावलीत यायलाच हवं, त्यावर मी ठाम आहे. ते करारात नेमकं कुठे लिहून घेतात?

सही याच आठवड्यात करायची आहे. असं काम केलेल्यांनी कृपया सांगा.