गडद निळी गाडी, बोअरचं पाणी, पांढरे डाग: घरच्या घरी वॅक्स कसं करायचं?

औसा_रोड (लातूर)

नमस्कार मंडळी. गाडी हॅचबॅक आहे, गडद निळा मेटॅलिक रंग, ३ वर्षं झाली. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसली जाते आणि आठवड्याला बोअरच्या पाण्यानं धुतली जाते. आता बॉनेटवर आणि टपावर पांढरे गोल डाग बसलेत, शाम्पूनं जात नाहीत. शिवाय उन्हात बघितलं की बारीक गोल ओरखड्यांचं जाळं दिसतं. दुकानदार म्हणतो, आधी हातानं रबिंग कंपाउंड (ओरखडे घासून काढायची पेस्ट) मारा, मग वॅक्स. करावं का तसं? वॅक्स कोणतं आणि किती लागेल? पाणी जपूनच वापरावं लागतं, तेही लक्षात घेऊन सांगा.

पदमपुरा (संभाजीनगर)

भाऊ, कंपाउंडचा डबा तूर्त उघडूच नका. जाळ्याचं कारण ते रोजचं कोरडं फडकं आहे. आपल्याकडची धूळ म्हणजे नुसती माती नसते, त्यात रस्त्यावरच्या काळ्या दगडाची कच असते. ती रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा, म्हणजे क्लिअर कोटपेक्षा कडक. हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो. फडक्याखाली कच फिरली की ओरखडा पडलाच. पुसणं आजपासून बंद करा, गाडी धुळकट राहिली तरी चालेल.

धुताना सगळी मेहनत एकाच गोष्टीसाठी घ्यायची: हात लावण्याआधी जास्तीत जास्त कच खाली आली पाहिजे. शेतात वापरतात तसला १६ लिटरचा बॅटरीवरचा फवारणी पंप इथे फार कामाचा. मात्र तणनाशक मारलेला पंप घेऊ नका, गाडीसाठी वेगळाच ठेवा. सावलीत, सकाळी, बॉनेट हाताला गार लागत असताना वरून खाली फवारा. काळ्या मातीचा चिखल वाळलेला असेल तर तो पाणी पिऊन फुगेपर्यंत १० मिनिटं ओला ठेवा, मधेमधे पुन्हा फवारा. नखानं किंवा ब्रशनं खरवडू नका.

मग दोन बादल्या. एकीत १० लिटर पाणी आणि कार शाम्पू, बाटलीवर असेल त्या प्रमाणात. दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवा, एक भाग धुवा, साध्या पाण्यात खळबळून पिळा, मगच परत शाम्पूत. टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि शेवटी खालची पट्टी, या क्रमानं. चाकांना वेगळं कापड. भांड्यांचं लिक्विड वापरलं तर वॅक्सचा थर लवकर उतरतो. एकंदर ४५-५० लिटरमध्ये हॅचबॅक होते.

मोंढा_नाका (परभणी)

पांढऱ्या डागांचं सांगतो. ते बोअरच्या पाण्यातले क्षार. पाणी उडून जातं, कॅल्शियम मागे राहतं, आणि उन्हात तापलेल्या बॉनेटवर ते पक्कं बसतं. किराणा दुकानात मिळणारं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान मिसळा. गाडी धुऊन गार असताना कापड त्यात भिजवून डागावर मिनिटभर ठेवा, हलकं पुसा, लगेच भरपूर पाण्यानं धुवा. वाळू देऊ नका. गेला नाही तर आणखी एकदा. तरीही खळगा दिसत असेल तर क्षारानं क्लिअर कोट कोरलाय, तो पॉलिशशिवाय जात नाही.

पुन्हा डाग पडू नयेत म्हणून शेवटचं पाणी बदला. आरओचं पिण्याचं ५ लिटर पाणी पंपात घ्या आणि गाडीवरून सोडा. आरओच्या बाजूच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार बोअरपेक्षाही जास्त. कूलरच्या टाकीतलंही नको, कारण तेच. एसीच्या नळीचं पाणी चालतं, फडक्यातून गाळून घ्या. मग जाड टॉवेल अंथरून पाणी टिपायचं, घासायचं नाही.

एमआयडीसी_जालना

वॅक्सच्या आधी एक तपासणी करा. धुतलेल्या बॉनेटवर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा. रवाळ लागलं तर रंगात कण रुतलेत. आमच्या जालन्यात स्टील मिलच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाची भुकटी बसते आणि पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके दिसतात. त्याला आयर्न रिमूव्हर फवारतात. तो लोखंडाला लागला की जांभळा होतो. ३-४ मिनिटांत, वाळायच्या आत धुवायचा.

उरलेल्यासाठी क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. ४०-५० ग्रॅमचा तुकडा हातात मळून चपटा करा, शाम्पूचं पाणी भरपूर मारा आणि दोन फूट बाय दोन फूट भागावर सरळ रेषेत, अजिबात दाब न देता फिरवा. क्ले मळकट झाला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या, त्याला चिकटलेली वाळू सगळी गाडी ओरबाडेल. क्लेनं आधीचं वॅक्सही निघतं, म्हणून त्याच दिवशी नवं लावा. हे काम वर्षातून एकदा, फार तर दोनदा.

पदमपुरा (संभाजीनगर)

आता वॅक्स. कार्नोबाचं (एका ताडाच्या पानांपासून मिळणाऱ्या मेणाचं) पेस्ट वॅक्स गडद रंगावर फार सुंदर दिसतं, पण उघड्यावर उभ्या गाडीवर आपल्या उन्हाळ्यात महिना-दीड महिनाच टिकतं. सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्सऐवजी लावायचा कृत्रिम रसायनांचा थर, ३-४ महिने जातं. तुमची गाडी उन्हात राहत असेल तर सीलंटच घ्या.

थर अगदी पातळ हवा. पूर्ण हॅचबॅकला १५-२० ग्रॅम पेस्ट पुरते. जाड थोपलं म्हणून जास्त टिकत नाही, उलट पुसताना जीव जातो. फोमच्या पॅडनं एका वेळी एकच भाग घ्या. बोट फिरवून बघा: रेघ स्वच्छ उमटली तर पुसायला तयार, चिकट ओढली गेली तर थांबा. ३००-३५० जीएसएमच्या (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाच्या) मायक्रोफायबरनं पुसा आणि दुसऱ्या कोरड्या कापडानं शेवटचा हात मारा. ही कापडं सुती कपड्यांत धुवू नका, फॅब्रिक कंडिशनर तर नकोच.

जाळं वॅक्सनं जाणार नाही, थोडं झाकलं जाईल एवढंच. ते घालवायचं म्हणजे क्लिअर कोटच किंचित घासून काढायचा, आणि हातानं कंपाउंड मारलं तर दाब कमीजास्त होऊन गडद रंगावर धुरकट पट्टे राहतात. ड्युअल अॅक्शन मशीन (पॅड स्वतःभोवती फिरता फिरता इकडेतिकडेही हलवणारं पॉलिशिंग मशीन), मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश यांनी आधी एका फुटाचा तुकडा करून बघा. नख अडकेल इतका खोल ओरखडा पॉलिशनं काढायला जाऊ नका.

औसा_रोड (लातूर)

फार उपयोगी माहिती, आभार. दोन शंका राहिल्या. मागचा बंपर मागच्याच महिन्यात गॅरेजमध्ये रंगवलाय, त्यावर वॅक्स चालेल का? आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं काय?

पदमपुरा (संभाजीनगर)

बंपर तूर्त सोडा. गॅरेजच्या रंगातलं सॉल्व्हंट हळूहळू बाहेर पडत असतं, त्यावर थर बसवू नये. ६० ते ९० दिवस जाऊ द्या. तोवर फक्त धुवा, क्लेसुद्धा फिरवू नका.

मोंढा_नाका (परभणी)

खरबरीत प्लॅस्टिकला वॅक्स लागलं तर पांढरं पडतं, म्हणून आधीच मास्किंग टेप लावा. लागलंच तर जुना मऊ टूथब्रश शाम्पूत बुडवून घासा. अन् उन्हाळ्यात टँकरचे दिवस आले की रिन्सलेस वॉश (नंतर पाण्यानं धुवावं न लागणारं द्रावण) बघा: १० लिटर पाण्याला साधारण ४० मिली, ७-८ मायक्रोफायबर कापडं त्यात भिजवायची, दर भागाला कापडाची नवी घडी, वापरलेली घडी परत बादलीत नाही. नुसत्या धुळीच्या गाडीला हे पुरतं. चिखल असेल तर मात्र आधी फवारणी पंप लागणारच.