धरणाच्या पायथ्याचा पाझर गढूळ झाला आहे. तपासणीचा अहवाल कोणाकडे आणि कसा मागावा?

नमस्कार.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात सह्याद्रीच्या कुशीत आहे. गावाच्या वरच्या अंगाला मातीचे लहान धरण असून खालच्या तीन वाड्यांच्या नळपाणी योजनेची विहीर त्याच्याच खालच्या वहाळात आहे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी तीव्र उतार आणि सच्छिद्र जांभा यांमुळे तो खाडीला जाऊन मिळतो आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. माझ्या लहानपणी आई पहाटे विहिरीत उतरून तळाचे पाणी वाटीने कळशीत भरत असे. धरण झाल्यावर ते थांबले, म्हणून या धरणाविषयी गावात कोणाच्याही मनात राग नाही, हे आधीच सांगते.

अडचण अशी की बांधाच्या पायथ्याशी, वहाळाच्या मूळ पात्राजवळ, अनेक वर्षांपासून थोडा पाझर आहे. मातीचे धरण थोडेफार पाझरतेच हे आम्हांलाही ठाऊक आहे आणि ते पाणी नितळ असल्यामुळे आजवर कोणी काळजी केली नाही. यंदा मात्र गौरी-गणपतीच्या दिवसांत ते गढुळले. मी ते पाणी काचेच्या बरणीत भरून रात्रभर ठेवले, तेव्हा सकाळी तळाशी पीठासारख्या बारीक तांबूस मातीचा बोटाच्या पेराएवढा थर बसला होता. आधी तीन दिवस पाऊस नव्हता, त्यामुळे ही माती वरून धुऊन आलेली असेल असे मला वाटत नाही. शिवाय बांधाच्या माथ्यावर एका ठिकाणी उथळ खळगा पडला असून तो नेमका या पाझराच्या रेषेत येतो.

ग्रामपंचायतीत विचारले असता नळयोजना आमची, पण धरण आमच्या ताब्यात नाही, असे उत्तर मिळाले. संबंधित कार्यालयातून एक अभियंता येऊन पाहून गेले आणि काळजीचे कारण नाही असे तोंडी सांगून गेले; लेखी काहीही मिळाले नाही. त्यांचे म्हणणे खरेही असेल, परंतु 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून भेंदवाडी वाहून गेली, तेव्हा गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या असे तिथले ग्रामस्थ सांगत होते. आमच्या वाडीतले पहिले घर बांधापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे तोंडी आश्वासनावर झोप लागत नाही.

धरण रिकामे करून टाका, असेही काही जण म्हणत आहेत. मला ते पटत नाही, कारण मग मे महिन्यात त्याच घरांतल्या बायकांच्या डोक्यावर पुन्हा हंडे येतील. मला हवा आहे तो तपासणीचा लेखी निष्कर्ष. तो मागण्याचा अधिकार आम्हांला आहे का, अर्ज कोणाच्या नावे करावा आणि तोवर आम्ही स्वतः कशाकशाची नोंद ठेवावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

ताई, मी जलसंपदा विभागातून निवृत्त झालो आहे. पाझर किती आहे यापेक्षा तो गढूळ आहे, हे अधिक महत्त्वाचे. पाण्याबरोबर बांधातील बारीक कण बाहेर पडू लागले की आत पोकळी तयार होते आणि ती पायथ्याकडून जलाशयाच्या दिशेने वाढत जाते. तुम्ही सांगता तो माथ्यावरचा खळगा त्याच रेषेत असेल, तर दोन्ही गोष्टी एकत्रच कळवा.

रोज ठरावीक वेळी एक बादली भरायला किती सेकंद लागतात, पाणी कसे दिसते आणि त्या दिवशी जलाशयाची पातळी किती होती, हे तारखेसह लिहा. पातळी उतरूनही पाझर वाढत असेल, तर तो पुरावा कोणालाही नाकारता येत नाही. एक विनंती कळकळीने करतो: ते तोंड चिखलाने किंवा सिमेंटने बुजवू नका. कोंडलेले पाणी दुसरी वाट काढते. त्यावर वाळू आणि खडीचा गाळणथर घालतात, म्हणजे पाणी निघते आणि माती आत राहते. मात्र ते काम अभियंत्यांच्या देखरेखीखालीच व्हावे.

अर्ज कार्यकारी अभियंत्यांच्या नावे करून तहसीलदार आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला प्रती द्या, आणि पोच घ्या. धरण सुरक्षा अधिनियम, 2021 नुसार 15 मीटरहून उंच धरणांची, तसेच काही अटींत बसणाऱ्या 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांची, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे मालक यंत्रणेला बंधनकारक आहे. तुमच्या धरणाची उंची किती? राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे, तिलाही प्रत पाठवा. माहिती अधिकारात अहवाल मागता येतो. एरवी मुदत 30 दिवसांची असली, तरी जीविताशी संबंधित माहितीसाठी कायद्यात 48 तासांची तरतूद आहे, तिचा उल्लेख अर्जात स्पष्ट करा. पाझर एकाएकी वाढला किंवा जलाशयात भोवरा दिसला, तर मात्र कागद बाजूला ठेवून जिल्हा आपत्ती कक्षाच्या 1077 या दूरध्वनी क्रमांकावर कळवा आणि खालच्या घरांतली माणसे आधी चढावर न्या.

धागाकर्ती:

काका, मनापासून आभार. धरणावरचा फलक गंजून उंचीचा आकडा वाचता येत नाही, त्यामुळे अर्जात पहिला प्रश्न तोच घालते. बादलीची नोंद आज सकाळपासून सुरू केली आहे: पंधरा लिटरची बादली, अडतीस सेकंद, पाणी तांबूस. पहिल्या घरातल्या आजींना रात्रीपुरते वरच्या वाडीत येऊन राहायला सांगितले आहे. त्या अजून तयार होत नाहीत, म्हणून संध्याकाळी पुन्हा जाणार आहे.