मदत हवी आहे: एसटीपीचा (मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचा) गाळ झाडांच्या रोपांसाठी किती आणि कसा वापरावा?

प्रश्न

नगरपालिकेच्या एसटीपीतला सेंट्रिफ्यूजमधून (गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्रातून) निघालेला गाळ मिळतोय, ओलावा ८० टक्के. वनीकरणासाठी करंज, शिवण, बहावा, कडुनिंब यांची रोपं करायची आहेत. निम्मी ५ बाय ८ इंची पिशव्यांत, निम्मी ३०० सीसीच्या रूट ट्रेनरमध्ये (रोपांच्या प्लॅस्टिकच्या कप्प्यांत).

गाळाचा अहवाल: सामू (पीएच) ६.७, ईसी (क्षारांचं माप) ३.६, कर्ब-नत्र गुणोत्तर ८, जस्त ११५०, क्रोमियम ६२, कॅडमियम २ (मिलिग्रॅम प्रति किलो).

उन्हात वाळवून, चाळून थेट भरता येईल का? मातीत निम्मं प्रमाण चालेल? जस्त-क्रोमियमची काळजी करावी का?

प्रतिसाद १

थेट भरू नका. उन्हात वाळवल्याने पाणी जातं, जंतांची अंडी मरत नाहीत. ती महिनोन्‌महिने तग धरतात आणि पिशव्या भरणाऱ्या बायकांच्या हाताला तीच लागतात. शिवाय गुणोत्तर ८ म्हणजे नत्र भरमसाट. ओल मिळाली की अमोनिया सुटतो आणि कोवळं मूळ जळतं.

आधी कंपोस्ट करा. १ घमेलं गाळाला २ ते ३ घमेली लाकडाच्या ढलप्या किंवा वाळका पालापाचोळा. नुसता भुसा घातला तर ढीग दबतो, हवा खेळत नाही, वास मारतो. उंची दीड मीटर, ओलावा ५५ ते ६० टक्के. ढिगात दोन फूट आत थर्मामीटर घालून मोजा: ५५ अंशांवर १५ दिवस राहिलं पाहिजे आणि त्या काळात ५ वेळा पलटी द्या, म्हणजे बाहेरचा थंड थर आत जातो. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमांतली ही अट आहे आणि ती सोडण्यासारखी नाही. मग ६ ते ८ आठवडे मुरू द्या आणि १० मिमीच्या चाळणीतून काढा.

मुरलंय का ते असं बघा: ओलं मूठभर कंपोस्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन दिवस बंद ठेवा. उघडताना अमोनियाचा किंवा सडका वास आला तर अजून थांबा.

रूट ट्रेनरसाठी घनफळाने: कंपोस्ट ३०, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ४०, करपवलेलं भाताचं तूस ३०. पिशवीसाठी कंपोस्ट २५, पोयटा ५०, तूस २५. निम्मं घालू नका. गाळाचे कण बारीक असतात. पाणी तुंबतं, रोपमर (कोवळी रोपं बुंध्याशी कुजून मरणं) येते, आणि एकदा कोरडं पडलं की वरून घातलेलं पाणी कडेने निसटतं. मिश्रण कायम किंचित ओलं ठेवा.

प्रतिसाद २

धातूंबद्दल. खत नियंत्रण आदेश १९८५ नुसार शहरी कंपोस्टात जस्ताची मर्यादा १०००, क्रोमियमची ५०. तुमचा गाळ दोन्हींत वर आहे, त्यामुळे आहे तसा खत म्हणून विकता येणार नाही. ढलप्या-पाल्यात मिसळल्यावर आकडे बदलतात. तयार कंपोस्टची तपासणी नव्याने करा, तीही प्रत्येक लॉटची. गटारात एखाद्या प्लेटिंगवाल्याचं (धातूवर मुलामा देणाऱ्या कारखान्याचं) पाणी आलं की क्रोमियम एकदम चढतं. मिश्रणाचा सामू ६ च्या खाली जाऊ देऊ नका, जस्त मोकळं होऊन मुळांना बाधतं. भाजी आणि फळझाडांच्या रोपांना हे मिश्रण नकोच.

प्रश्नकर्ता

धन्यवाद. पानांच्या कडा करपल्या तर क्षार समजायचे का?

प्रतिसाद १

पान कुठलं ते बघा. कोवळ्या पानांचीही टोकं जळली आणि पिशवीत वर पांढरी पापुद्री आली तर क्षार: पिशवीच्या घनफळाच्या दुप्पट पाणी सावकाश सोडून निथळू द्या. फक्त खालच्या जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पालाश कमी. मैलापाण्यातलं पालाश पाण्याबरोबर निघून जातं, गाळात फारसं उरत नाही. सल्फेट ऑफ पोटॅश लिटरला २ ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा मुळाशी.

डीएपी (नत्र-स्फुरदाचं रासायनिक खत) मात्र अजिबात नको. गाळात स्फुरद (फॉस्फरस) आधीच जास्त असतं, त्यात भर पडली की मायकोरायझा (मुळांना मदत करणारी बुरशी) बसत नाही. करंजाला कंपोस्ट २० टक्क्यांवरच थांबवा. नत्र फार झालं तर मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी येत नाहीत आणि रोप लुसलुशीत वाढून लागवडीनंतर उन्हात माना टाकतं. लागवडीआधी महिनाभर सावली काढा, पाणी तोडत न्या.


भरणाऱ्यांना रबरी हातमोजे, गमबूट आणि धनुर्वाताची लस द्या. कोरडा गाळ चाळताना मास्क.