रात्रपाळीत कानावर आलेले नोंदवहीत लिहावे का?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सप्रेम नमस्कार. मला बायपोलरचा (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा) आजार असून पूर्वी धारवाडला दोनदा भरती होतो. आता गेले चार महिने बेळगावजवळच्या एका बारा खाटांच्या निवासी केंद्रात पीअर सपोर्टचे काम करतो. गोळ्या देणे किंवा निदान सांगणे माझ्याकडे नाही. अवघड दिवसांत आलेल्या माणसाजवळ बसणे, त्याला जेवायला सोबत करणे आणि स्वतः यातून गेलेलो असल्यामुळे त्याचे ऐकणे, एवढेच माझे काम आहे.

परवा रात्री अडीचच्या सुमारास आमच्याकडचे एक गृहस्थ हातात चपला घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. सिस्टर कन्नडमध्ये समजावत होत्या. त्या गृहस्थांना ते कळत होते, पण त्या अवस्थेत उत्तर सुचत नव्हते. मी मराठीत बोललो तेव्हा ते हळूच म्हणाले, "दोन दिवस झाले, गोळ्या जिभेखाली धरून थुंकतोय. कुणाला सांगू नका." मी नोंदवहीत फक्त "झोप नाही" असे लिहिले. प्रमुखांचे म्हणणे असे की माझ्या कानावर येईल ते सगळे लिहिलेच पाहिजे. तसे केले तर मी हेर होतो, आणि न लिहावे तर रात्रभर डोळा लागत नाही. तुम्ही काय करता?

वेदगंगा (निपाणी)

दादा, चूक "झोप नाही" लिहिण्यात नव्हती, ती त्याआधीच झाली होती. पहिल्याच दिवशी, चहाचा कप हातात असतानाच, मी प्रत्येकाला सांगून ठेवते की जिवाला किंवा तब्येतीला धोका वाटला तर मी सिस्टरांना सांगेन, पण तुमच्या पाठीमागे नाही, तुम्हाला सांगूनच सांगेन. हे अगोदर बोललेले असले की पुढे काय सांगायचे आणि काय नाही, ते समोरचा माणूस स्वतः ठरवतो. नोंदही मी त्यांच्याजवळ बसूनच लिहिते आणि लिहिलेली ओळ वाचून दाखवते. एका आजींनी मला शब्द बदलायला लावला होता, आणि त्यांचाच शब्द अधिक बरोबर होता.

गोळ्या का थुंकतात, हेही विचारा. हात थरथरणे, तोंडातून लाळ गळणे, दिवसभर झापड असणे, असे काहीतरी निघते, आणि ते डॉक्टरांपुढे मांडायला बळ देणे हेच खरे आपले काम. स्वतःची हकीकत दोन वाक्यांतच आटपावी. मी सुरुवातीला अर्धा तास माझेच पुराण लावत असे.

टिळकवाडी (मनोसामाजिक कार्यकर्ती)

एक वैद्यकीय बाब राहून गेली. गोळी कोणती आहे यावर बरेच अवलंबून असते. क्लोझापिन (तीव्र मानसिक आजारावरचे एक औषध) ४८ तासांपेक्षा अधिक चुकले, तर पूर्वीचाच डोस तसाच पुन्हा देत नाहीत, तो अल्प मात्रेपासून वाढवत न्यावा लागतो. थुंकलेली गोळी घेतली आहे असे समजून कोणी डोस वाढवला, तर तुमचे मौन त्या माणसालाच बाधेल.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते, तसेच जिवाला धोका असेल अशा प्रसंगी अपवादही ठेवते. मात्र उपचार करणाऱ्या चमूला आवश्यक तेवढे सांगणे आणि ऐकलेले सगळे उतरवून काढणे यांत फरक आहे. घरातले भांडण, जमिनीचा वाद हे नोंदवहीत कशाला? चपला घेऊन बसलेला माणूस स्वेच्छेने भरती झालेला असेल तर कलम ८८ नुसार तो घरी जाण्याची मागणी करू शकतो, आणि तपासणीसाठी त्याला थांबवायचे झाले तरी जास्तीत जास्त २४ तास. तो कोणत्या कलमाखाली दाखल आहे, हे तुम्हाला ठाऊक असायला हवे.

आणि तुमच्या झोपेचे काय? बायपोलरमध्ये जागरण हेच पुढच्या झटक्याचे निमित्त होऊ शकते. सलग रात्रपाळ्या नको असे लेखी कळवा.

चिकोडीची आई

वेदगंगाताई, तुमची युक्ती मला पूर्ण पटली नाही. माझ्या मुलाला पहिल्या दिवशी असे सांगितले असते तर त्याने तोंडच उघडले नसते. त्याने मनातले सांगितले ते डॉक्टरांना नाही, मलाही नाही, तर शेजारच्या खाटेवर येऊन बसणाऱ्या एका सोबत्याला, आणि त्या सोबत्याने ते सिस्टरांना कळवले म्हणून आज आमच्या घरात दिवा आहे. मुलगा महिनाभर त्याच्यावर रुसला होता. रुसू दे की!

मलप्रभाकाठ

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी त्यांना म्हणालो की ही गोष्ट मला डॉक्टरांना सांगावी लागेल, तुम्ही सांगता की मी सांगू? ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सकाळी राऊंडच्या वेळी अर्धे कन्नड, अर्धे मराठी करत त्यांनी स्वतःच सांगितले. जीभ जड होते, नातवाशी बोलताना लाज वाटते, असे कारण निघाले. डॉक्टरांनी गोळी बदलली. माझ्याशी मात्र ते अजून बोललेले नाहीत. रात्रपाळी आठवड्याला दोनच, त्याही सलग नाहीत, असे मी लेखी मागितले आहे.