पाखरू फुकट देऊ नका, आधी घर बघा

पर्वरीची बाय

गेल्या दोन वर्षांत आठ नको झालेल्या पक्ष्यांना माझ्या हातून दुसरं घर मिळालं. पाच कॉकटील (तुरेवाले छोटे पोपट), बजींची एक जोडी (ते इवले रंगीत पोपट, ज्यांना आपल्या गोव्याच्या बाजारात सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात) आणि एक सन कोन्यूर, पिवळा-केशरी पोपट. त्यातले दोन परत आले. त्या दोघांमुळे माझं मत बदललं, म्हणून हा धागा. त्यातल्या एकाची गोष्ट सांगते.

मागच्या जूनमध्ये ओळखीचं एक कुटुंब लंडनला निघालं. व्हिसा झाला, तिकिटं झाली, घर भाड्याने दिलं, आणि शेवटच्या आठवड्यात प्रश्न आला की राखाडी कॉकटीलचं काय करायचं. व्हॉट्सअॅपवर फोटो पडला, खाली ओळ, 'पिंजऱ्यासकट फुकट, जो आधी येईल त्याला.' तो निरोप मीच चार गटांत पुढे ढकलला. दीड तासात पक्षी गेला आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास सोडला.

नवव्या दिवशी नव्या घरून फोन आला, पिंजऱ्यात रक्त आहे. जाऊन बघते तर पेपर लाल, दांडीवर डाग, आणि पक्षी कोपऱ्यात तुरा सपाट करून बसलेला. आदल्या रात्री गडगडाट झाला होता, वीज गेली होती. कॉकटील अंधारात दचकला की पिंजऱ्यात आंधळ्यासारखा आपटत राहतो. नव्याने उगवणाऱ्या पिसांच्या देठात रक्त असतं, ती मोडली की भळभळ वाहतं. कॉर्नफ्लावर दाबून धरलं तेव्हा कुठे थांबलं. जुन्या घरी त्याच्याजवळ रात्रभर बॅटरीवरचा छोटा दिवा जळायचा, हे मला नंतर लंडनहून कळलं. नव्या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याचा काय दोष?

म्हणून आता माझं म्हणणं स्पष्ट आहे. देणाऱ्याने स्वतः जाऊन घर बघावं. पिंजरा कुठे टांगणार, वर पंखा आहे का, मांजर आत येते का, शेगडी किती लांब. पिंजऱ्याचे तरी पैसे घ्यावेत, कारण फुकट मिळालेलं काही जण पुढच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात विकतात. पंधरा दिवस जमतंय का बघावं, आणि नाही जमलं तर परत घेण्याची तयारी ठेवावी. जोडी असेल तर तोडू नये. आणि कालनिर्णयाच्या जुन्या पानामागे का होईना, त्याच्या सवयी लिहून द्याव्यात. काय खातो, कितीला झोपतो, कशाला घाबरतो.

मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारतेच. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गावी जाल तेव्हा हा कुठे असेल? उत्तर द्यायला वेळ लागला तर मी पक्षी देत नाही.

सत्तरीकर

बाय, तुमची कळकळ समजते, पण पटत नाही. घर बघायला येणार, पैसे घेणार, पंधरा दिवस परीक्षा घेणार. आम्ही काय सोयरीक जुळवायला आलो आहोत? तुमच्या अटींत बसणारी माणसं पर्वरीच्या फ्लॅटमध्ये मिळतील, आणि तीच सकाळी आठला दार ओढून कामावर जाणारी. पक्षी दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसणार.

आमच्याकडे वाळपईच्या बाजूला घरात कोण ना कोण असतंच. माझ्या आतेकडे असाच कोणीतरी सोडून दिलेला कॉकटील चार वर्षं आहे. आते मातीच्या चुलीवर जेवण करते, पण पक्षी पडवीत असतो, धुरापासून लांब. तो तिच्या कुकरची शिट्टी इतकी हुबेहूब वाजवतो की ती दोनदा गॅस बंद करायला उठली होती. (गॅस आहे, पण फक्त कुकरपुरता.) त्याला राळा, नाचणी, मुळ्याचा पाला मिळतो. किनाऱ्याकडून कोणी आलं तर माणक्यांचं (समुद्रातल्या कटलफिशचं) पांढरं हाड आणून देतो, ते तो चोचीने खरवडतो. आतेला पाचशे रुपये द्या म्हटलं असतं तर तिने सरळ नको म्हटलं असतं. पैसे नव्हते म्हणून नाही, अपमान वाटला असता म्हणून.

आणि ज्याचं विमान आठ दिवसांवर आहे, त्याने तुमची पंधरा दिवसांची परीक्षा कशी पुरी करायची?

पर्वरीची बाय

आतेच्या घरी मी पक्षी डोळे मिटून दिला असता. पण ते कळलं कसं असतं? जाऊनच ना? पैशांचं मात्र तुमचं बरोबर आहे. अट म्हणून मी ते सोडते. माणूस अनोळखी असेल आणि दोनच मिनिटांत 'पिंजरा केवढा आहे हो' एवढंच विचारत असेल, तर तेवढ्यापुरतं राखून ठेवते.

विमानाच्या मुद्द्यावर मी हलणार नाही. व्हिसा-पासपोर्टला महिनोन्महिने लागतात. त्यातला एक रविवार पाखराला देता येत नाही, हे मला मान्य नाही. तेवढ्यातही नाहीच जमलं तर मधल्या दिवसांत पक्षी सांभाळायला आमच्यासारखी माणसं आहेत.

मोकळं आभाळ, म्हापसा

तुम्ही दोघं पिंजरा कुठे टांगायचा यावर भांडताय. पिंजराच का? ज्याला पंख दिलेत त्याला दोन फुटांत कोंडायचं आणि वर चांगलं घर, वाईट घर ठरवायचं? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटलंच होतं की पक्ष्यांना आभाळात उडायचा हक्क आहे. नको झालाय ना, मग दार उघडा.

आणि 'मरेल, मरेल' म्हणून घाबरवू नका. आपले कीर, तेच गळ्यात कंठ असलेले हिरवे पोपट, लंडनच्या बागांत हजारोंनी आहेत. थंडीत, बर्फात. ते पाळीवांतूनच सुटलेले ना? मग ऊबदार गोव्यात बजी का जगणार नाही?

फोंड्याची पशुवैद्य

लंडनचं उदाहरण खरं आहे, म्हणूनच नीट बघायला हवं. आपला कीर हा हिमालयाच्या पायथ्यापर्यंत राहणारा काटक पक्षी. तिथे वर्षानुवर्षं असे अनेक सुटले, त्यातले तगले त्यांची पिलावळ झाली. न तगलेले कोणी मोजले नाहीत. तुमच्या हातातला बजी एकटा आहे. वजन तीस-चाळीस ग्रॅम, मूळ ऑस्ट्रेलियाचा, कित्येक पिढ्या पिंजऱ्यात. वाटीतल्या दाण्यांखेरीज अन्न त्याने पाहिलेलं नाही. पिवळा-निळा रंग झाडीत लपत नाही. माझ्याकडे असे 'मोकळे केलेले' पक्षी येतात ते कावळ्यांनी डोक्यावर टोचून टोचून अर्धे केलेले. शिक्रा किंवा मांजर गाठते ते तर येतही नाहीत. आणि समजा तगले, तर ढोल्यांसाठी ते साळुंकी आणि आपल्याच किरांशी भांडणार.

पण एका बाबतीत तुमच्या बाजूने बोलते. घरात कीर असेल, पहाडी मैना असेल, मुनिया असेल तर त्याला 'चांगलं घर' शोधायचंच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळणंच गुन्हा आहे, फुकट दिला तरी. वनखात्याला कळवा. त्यातले काही सवय लावून खरोखर पुन्हा रानात जाऊ शकतात, पण ते जाणकाराने, टप्प्याटप्प्याने करायचं काम आहे. गच्चीवर जाऊन दार उघडायचं नाही.

सन कोन्यूर, आफ्रिकन ग्रे, मकाव यांचा प्रकार वेगळा. २०२४च्या नियमांप्रमाणे त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते आणि पक्षी दुसऱ्याकडे गेला की तेही कळवावं लागतं. बजी आणि कॉकटील त्यात येत नाहीत.

बाय, तुमच्या सवयींच्या कागदावर एक भर घाला, वजन. पक्षी आजार लपवतो, पिसं फुगवून बसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आठवड्याला एकदा ठेवा. नव्वद ग्रॅमचा कॉकटील ऐंशीवर आला तर त्याच दिवशी दाखवा. घरात आधीचा पक्षी असेल तर नवा महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत. पिंजरा झाडताना पेपर आधी ओला करा. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटाकोसिस नावाचा पक्ष्यांचा आजार माणसालाही होतो, ताप आणि न्यूमोनियासारखा खोकला येतो. आणि नॉनस्टिक तवा ज्या घरात रिकामा तापत राहतो त्या घरात पक्षी नको. त्या वाफेने तो काही मिनिटांत मरतो.

मोकळं आभाळ, म्हापसा

कावळ्यांचं वाचून गप्प झालो. दार उघडा म्हणणं मागे घेतो. पण मूळ रागावर ठाम आहे. तुम्ही घरं शोधून देता म्हणून घेणाऱ्याला वाटतं, आज घेऊ, कंटाळा आला की पर्वरीची बाय आहेच. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मुलांच्या विरंगुळ्याला किती जणांनी बजी आणले, आठवा. दुकानातून नवा पक्षी घेऊ नका, हे तुम्ही प्रत्येक वेळी सांगता का?

पर्वरीची बाय

सांगते. पण ओरडून नाही सांगत, हे खरं.

निवृत्त मास्तर, मार्दोळ

सगळं वाचलं. मला एक तक्रार मांडायची आहे.

माझं वय ७३. मंडळी जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या दोन बजी होत्या. एक तिच्या आधी गेली, दुसरी तिच्यानंतर सहा महिन्यांनी. रिकामा पिंजरा अजून पडवीत आहे, दर शनिवारी पुसतो. गेल्या वर्षी दोन ठिकाणी कॉकटीलसाठी विचारलं. दोन्हीकडे लोक नम्रपणे म्हणाले, काका, हा पक्षी वीस वर्षं जगतो. पुढचं त्यांनी बोललं नाही, मला कळलं.

तुमच्या सगळ्या अटींत मी बसतो, ही न लिहिलेली अट सोडून. पक्ष्याला माणसाची सोबत लागते म्हणता, मग दिवसाचे चोवीस तास घरी असलेला माणूस का नको? म्हाताऱ्याला पिल्लू देऊ नका, मान्य. पण दहा-बारा वर्षांचे पक्षीही लोक टाकून जातात ना? त्यांना कोण घेतं? तरुण माणसं फोटो बघून विचारतात, 'बोलतो का?' मला बोलणारा नको. शिट्टी मारत नसला तरी चालेल. शेजारीच पुतण्या राहतो. माझ्यानंतर तो बघेल, हे तो स्वतः तुमच्यासमोर सांगेल.

चवथीला मी कुठे जात नाही. गणपती आमच्याच घरी असतो.

सत्तरीकर

मास्तर, हे मी मांडायला हवं होतं. मी चुलीवर आणि पैशांवर अडून बसलो.

फोंड्याची पशुवैद्य

वयाला माझी हरकत नाही. पुतण्याने मात्र पहिल्या दिवसापासून पक्ष्याला हाताळावं. नावापुरता वारस नको. कॉकटील माणूस ओळखतो, बदल झाला की खाणं सोडतो.

पर्वरीची बाय

मास्तर, त्या दोन ठिकाणांतलं एक बहुधा माझंच होतं. मी तेव्हा हिशेब केला, वीस वजा. तुमचं घर बघितलंच नाही. मी इथे सगळ्यांना जे करू नका म्हणतेय तेच मी केलं.

माझ्याकडे आत्ता तोच रक्ताळलेला राखाडी आहे. नव्या घरच्या माणसाने प्रामाणिकपणे सांगितलं की त्याला जमणार नाही, आणि तेव्हापासून तो माझ्याकडे. वय बारा. डाव्या पंखाची दोन पिसं नीट आली नाहीत, कपाटापासून खिडकीपर्यंत जेमतेम उडतो. फोटो टाकला की लोक पंख बघून मागे जातात. तो बोलत नाही. संध्याकाळी दिवा लावला की एकच सूर काढतो, तोही अर्धा. वजन कालचं ८८.

येत्या रविवारी येते. पुतण्याला थांबायला सांगा. राखाडीला बरोबर आणणार नाही, आधी नुसतं घर बघेन. पडवीत वारा कुठून येतो ते बघायचं आहे, आणि पिंजऱ्याच्या सळ्यांमधलं अंतर. बजीचा पिंजरा त्याला लहान पडेल, शेपटी घासेल. मोठा लागेल तर माझ्याकडे एक आहे.

निवृत्त मास्तर, मार्दोळ

या. बॅटरीचा दिवा आजच फोंड्याहून आणतो. पडवीत पंखा नाही. आतल्या खोलीत आहे, त्याच्या बटणावर पुतण्याने चिकटपट्टी लावली आहे.