सल्ला हवा: चॅट्सवर्थ इस्टेटवरचं जुनं कॉटेज घ्यावं का? (आई-बाबा सोबत)

लेस्टरची_सई
जूनच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबा येताहेत. लंडन मागच्या खेपेला झालं. या वेळी चार रात्री डर्बीशायरमध्ये, चॅट्सवर्थ इस्टेटवर (डेव्हनशायरच्या ड्यूकचा वाडा आणि भोवतीची जमीन) सुट्टीसाठी भाड्याने देतात त्यातल्या एखाद्या जुन्या घरात काढाव्यात असं मनात आहे. टेकडीवरच्या हंटिंग टॉवरच्या तर प्रेमातच पडलेय. नवरा म्हणतो, त्याच पैशात हॉटेलात नाश्ता तरी आयता मिळेल. बाबा बहात्तर वर्षांचे, गुडघे कुरकुरतात. रावेरला आमची केळीची बाग आहे, त्यामुळे राजवाडा दाखवला तरी ते 'पाणी कुठून आणलंय?' हेच विचारणार. आईला भाकरी लागते. कोणी राहिलंय का तिथे?

डोंगरवाट
बुरूज विसर. १५८० च्या दशकातला आहे, वरून शिकार बघता यावी म्हणून बांधलेला. फोटोत देखणा, पण बुरूज म्हणजे जिने आलेच. रात्री बाथरूमला उठलं की बाबा तुझं नाव काढतील.
आम्ही एडेन्सर गावात राहिलो होतो (उच्चार 'एन्झर', टॅक्सीवाल्याला तसंच सांग). वाड्यातून हे गाव दिसू नये म्हणून ड्यूकने जुनी घरं पाडून नवी बांधली म्हणतात. पार्कमधून वाड्यापर्यंत चालत जाता येतं, वाटेत मेंढ्या. गाव चढावर आहे, तेव्हा खाली झोपायची खोली आणि खालीच बाथरूम असलेलं घर मिळतंय का ते आधी विचार. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नकोस.
बाबांच्या प्रश्नाचं उत्तर: वरच्या माळावर तलाव खणलाय. तिथलं पाणी नळातून खाली येतं आणि १८४४ चं एम्परर कारंजं पंपाशिवाय, नुसत्या उतारावर उडतं. आमचे सासरे त्याच्यासमोर तासभर बसले होते. आतल्या चित्रांना दहा मिनिटं.

फोडणी_जपून
स्वयंपाकाचं मी सांगते. अशाच दुसऱ्या एका इस्टेटवरच्या घरात पहिल्याच संध्याकाळी मी हिंग-मोहरीची फोडणी दिली आणि धुराचा अलार्म बोंबलला. छत बुटकं, खिडक्या चिमुकल्या. शेजारचे आजोबा चपला घालून धावत आले, मग वरण-भात जेवूनच गेले!
भांडी भरपूर असतात, पण परात आणि पोळपाट-लाटणं घरून ने. तवा सपाट बुडाचा हवा. शेगडी बहुधा विजेची, त्यामुळे भाकरी जाळावर फुगवायची हौस राहील. आईंना आधीच सांगून ठेव.

खानदेशी_परदेशी
अगं, बाबा रावेरचे आणि कोणीच सांगितलं नाही? कॅव्हेंडिश केळं हे नाव याच ड्यूकच्या घराण्याचं! १८३० च्या दशकात सहाव्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने ते चॅट्सवर्थच्या काचघरात वाढवलं आणि मालकाचं आडनाव त्याला मिळालं. आपली बसराई आणि आताची ग्रँड नैन दोन्ही त्याच गटातल्या. (पुढे १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेसचा आराखडाही याच माळ्याचा.) त्याचं मोठं काचघर १९२० मध्ये पाडलं. पहिल्या महायुद्धात तापवायला कोळसा नव्हता, आतली झाडं मेली. पाया अजून दिसतो, मधे झुडपांचा भुलभुलैया आहे.
आणि सोमवार ते शुक्रवार घे. घराची किल्ली दुपारनंतर मिळते, तोवर जवळच्या बेकवेल गावचा सोमवारचा बाजार बघा. जनावरांचाही भरतो.

हॉटेलवाला_नवरा_पक्ष
तुमच्या नवऱ्याच्या बाजूनेही कोणी बोलायला हवं. आईंनी सुट्टीतही भाकऱ्याच थापायच्या का?

लेस्टरची_सई
@हॉटेलवाला, हाच प्रश्न आईला विचारला. म्हणाली, 'दुसऱ्याच्या हातचं चार दिवस कोण खाणार?' विषय संपला.
एडेन्सरला खाली झोपायची खोली असलेलं घर विचारलंय, बुरूज बाद. बाबांना केळीचं सांगितलं. त्यावर एकच प्रश्न आला: 'काचघरात घड किती किलोचा पडायचा?'