दवाखान्याचं बिल राज्याने भरावं का? कॅलिफोर्निया, व्हरमाँट आणि आपण

अंगणवेल:
मार्चमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. पगार थांबला हे होतंच, पण खरी धडकी भरली ती विम्यामुळे. अमेरिकेत कोब्रा नावाच्या कायद्याखाली तोच विमा चालू ठेवता येतो, फक्त कंपनी भरत होती तो वाटाही आपण भरायचा. आम्हा चौघांचे महिन्याला २,१०० डॉलर, तेही घरात पगार नसताना. मुलीला दमा आहे, खंड पडू देणं शक्यच नव्हतं. भरले.

तेव्हापासून एकच प्रश्न छळतोय. माणसाचं औषधपाणी नोकरीच्या दावणीला का बांधलेलं असावं? २०१७ साली कॅलिफोर्नियात एसबी ५६२ हे विधेयक आलं होतं. राज्यात राहणाऱ्या प्रत्येकाचं बिल एकाच सरकारी निधीतून भरायचं. प्रीमियम नाही, को-पे (दर भेटीला खिशातून द्यायचा वाटा) नाही, व्हिसा कुठला हे विचारायचं नाही. राज्याच्या सिनेटने मंजूर केलं आणि दुसऱ्या सभागृहाच्या, म्हणजे असेंब्लीच्या, अध्यक्षांनी पैशांची तरतूद नाही म्हणून थांबवलं. २०२२ च्या जानेवारीत तसंच दुसरं विधेयक, एबी १४००, तर मतदानालाच आलं नाही. वॉशिंग्टनची वाट अजून किती बघायची? कॅनडातही सुरुवात एका प्रांतानेच केली होती. कॅलिफोर्नियाने हे करावंच, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

जुनाखांब:
तुमच्यावर आलेली वेळ कुणावर येऊ नये. तरीही एकट्या राज्याने यात पडू नये असंच मी म्हणेन, कारण व्हरमाँट या छोट्या राज्याने हे करून पाहिलं तेव्हा मी तिथे राहत होतो.

गव्हर्नर पीटर शमलिन हेच वचन देऊन निवडून आले, २०११ च्या मे महिन्यात कायदाही झाला. वस्ती जेमतेम सव्वासहा लाख. विधिमंडळ पाठीशी. सल्ल्याला विल्यम शिआव, म्हणजे तैवानची योजना आखण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते. याहून चांगला मुहूर्त कुठला? आम्ही खरंच आशेवर होतो. २०१४ च्या डिसेंबरमध्ये शमलिन यांनीच सांगितलं की हे जमणार नाही. मालकांवर पगाराच्या ११.५ टक्के कर आणि शिवाय कुटुंबांवर उत्पन्नाच्या ९.५ टक्क्यांपर्यंत, असा हिशेब निघाला होता. चार माणसं कामाला ठेवणाऱ्या दुकानदाराने तो कुठून भरायचा?

दुसरी अडचण १९७४ च्या एरिसा कायद्याची, म्हणजे कंपन्यांच्या कर्मचारी-योजनांबद्दलच्या केंद्रीय कायद्याची. मोठ्या कंपन्या बहुधा कर्मचाऱ्यांचे क्लेम स्वतःच्या पैशांतून भरतात, आणि अशा योजनांना राज्य हात लावू शकत नाही. मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा, पैसा केंद्राचा, तो राज्याच्या निधीत वळवायला केंद्राची संमती हवी. मग ‘एकच निधी’ उरतो कुठे?

शब्दवेल्हाळ:
कोलोरॅडो राज्यात २०१६ ला अशाच योजनेबद्दल लोकांना थेट मतदानाने विचारलं होतं. दर पाचांतले जवळजवळ चार ‘नाही’ म्हणाले. हेही लक्षात घ्या.

तांबडंफुटलं:
मी एका रुग्णालयात बिलिंगला आहे, चौदा वर्षं झाली. एकच एमआरआय, पण प्रत्येक विमा कंपनीची पूर्वपरवानगीची पद्धत वेगळी, नेटवर्क वेगळं. क्लेम नाकारला की अपील. आमच्या विभागात दिवसभर फक्त फोनवर ताटकळणारी माणसं आहेत. यातला एकही तास पेशंटला बरं करण्यात जात नाही, आणि त्याचे पैसे मात्र पेशंटच्याच बिलातून येतात. गेल्या महिन्यात एक बाई केमोची परवानगी आली का, हे विचारायला रोज फोन करायच्या. मी रोज ‘अजून नाही’ सांगत होते.

सिंगल-पेयर, म्हणजे सगळी बिलं एकाच निधीतून भरायची पद्धत, आली तर माझी नोकरी बहुतेक जाईल. तरीही मी तिच्या बाजूने आहे. फक्त आमच्यासारख्या हजारो लोकांना नवीन काम शिकवण्याची सोय त्याच कायद्यात हवी, नंतर बघू म्हणून नको.

नदीकाठ:
कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या सॅस्काटूनहून लिहितोय. आमच्या प्रांताचं उदाहरण नेहमी अर्धंच सांगितलं जातं. इथे रुग्णालयाचा विमा १९४७ ला आला आणि डॉक्टरांच्या फीचा थेट १९६२ ला. मधली पंधरा वर्षं कुणी मोजत नाही. १ जुलै १९६२ ला योजना सुरू झाली त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले, तो संप २३ दिवस चालला. ब्रिटनहून डॉक्टर आणावे लागले. १९६६ च्या कायद्याने केंद्राने निम्मा खर्च उचलला आणि १९७२ पर्यंत सगळे प्रांत आत आले. शिवाय कॅनडात आरोग्य हा मुळातच प्रांतांचा विषय. तुमचा एरिसा आमच्या वाटेत नव्हता.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी अकरा महिने थांबलो, जिना चढताना रोज डोळ्यांत पाणी यायचं. पण हृदयाचा झटका आला तेव्हा तासाभरात टेबलावर होतो आणि रुग्णालयाचं बिल असं काही हातात पडलंच नाही. मला विचाराल तर हीच पद्धत हवी.

अंगणवेल:
जुनाखांब, एसबी ५६२ च्या वेळी ४०० अब्ज डॉलरचा आकडा सगळीकडे फिरवला गेला. त्यातले निम्मे, २०० अब्ज, सरकार आधीपासूनच खर्च करत होतं. उरलेल्यातला मोठा भाग आपणच प्रीमियम आणि डिडक्टिबलच्या (विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) रूपाने भरतोय. कंपनीचा वाटा म्हणजे तरी काय, आपल्याच पगारातून वळवलेला पैसा. कोब्राचं पत्र हातात आलं तेव्हा मला तो पहिल्यांदा दिसला. आणि व्हरमाँटची वस्ती कॅलिफोर्नियातल्या एकट्या सॅन होजे शहरापेक्षा कमी! चार कोटींच्या जवळ पोचलेल्या राज्याने औषध कंपन्यांशी भाव ठरवणं निराळं.

जुनाखांब:
भाव करता येईल, मान्य. पण वाईट वर्षाचं काय? कॅलिफोर्नियाचा आयकर बराचसा श्रीमंतांच्या कमाईवर चालतो. शेअर बाजार पडला की तिजोरी आटते, आणि त्याच वर्षी नोकऱ्या जातात. केंद्र कर्ज काढून निभावून नेतं, राज्याला अंदाजपत्रक जुळवावंच लागतं. कर वाढवायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं हवीत. ज्या वर्षी तुमच्या घरावर ही वेळ आली, नेमकं त्याच वर्षी राज्य दमेकऱ्यांच्या औषधावर कात्री चालवेल. मला याची भीती वाटते. त्यापेक्षा मेडि-कॅलचं, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या राज्याच्या सरकारी विम्याचं, दार अजून रुंद करा.

अंगणवेल:
वाईट वर्षाचं उत्तर आज माझ्याकडे नाही. राखीव निधी कायद्यातच बांधून ठेवावा लागेल, एवढं मात्र पटलं. २०२३ च्या एसबी ७७० प्रमाणे राज्याने केंद्राशी परवानगीबद्दल बोलणी करायची आहेत. आमच्या आमदारांना मी पत्र लिहिते आहे, त्यात राखीव निधी आणि तांबडंफुटलं यांचा प्रशिक्षणाचा मुद्दा दोन्ही घालते. मसुदा उद्या इथे टाकते. जुनाखांब, तुम्ही आधी वाचा.